क्लॉक कुणी द्यायचं?
तापलेल्या राउटरचा वास आला की पेणचा नेटवर्किंगचा क्लास आठवतो. प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि पास झालं तरच धाटावच्या कंपनीत मुलाखत मिळणार होती. रोह्याजवळच्या वरसे गावची मैत्रीण आणि मी, दोघींनी दोन राउटर केबलने जोडले, पण लाइन काही चालू होईना. ‘क्लॉक द्यायचं राहिलंय,’ सर म्हणाले. मी घाईघाईने दोन्ही राउटरवर भिंतीवरच्या घड्याळातली वेळ भरली. लाइन बंदच! ‘वेळ तर बरोबर हाय गो,’ मैत्रीण रडवेली होऊन म्हणाली. सरांना हसू आलं. ‘ती वेळ नाय. माहिती कुठल्या गतीने पाठवायची, तो ठेका.’ मग मी ती गती भरली, तर माझ्या राउटरने ती घेतलीच नाही. ‘मी देऊन बघू काय?’ म्हणत तिने तीच कमांड आपल्या राउटरवर दिली, आणि लाइन लागली. ‘केबलच्या एकाच टोकाने ठेका द्यायचा, दुसऱ्याने तो धरायचा. देणारं टोक हिच्याकडे होतं,’ सर म्हणाले. दोघी पास झालो. आता मी हेच काम करते. तरी ठेका कुणी द्यायचा, इथे अजूनही क्षणभर अडखळते.