घरचा शब्द

माझ्या मावसांना फसवू शकेल असा चोर अजून जन्माला आलेला नाही, आणि आता आला तरी त्याला उशीर झाला आहे. मावसा म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. सुरतेच्या लिंबायतमध्ये आमच्या गल्लीत त्यांचं घर आणि गल्लीच्या तोंडाशी माझं मोबाईलचं दुकान. रिचार्ज, कव्हर, फुटलेली काच बदलून देणं, असल्या कामांवर माझं पोट चालतं. म्हणजे ज्या वस्तूला मावसा घरात शिरलेला साप समजत, तीच मी दिवसभर हसतमुखाने विकत असे. "तू इख इकस," असं ते मला प्रेमाने म्हणायचे, आणि जरा शंका आली की त्या विषाचा उतारा विचारायला माझ्याच दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायचे.

तरुणपणी धुळ्याकडचं गाव सोडून ते सुरतेला आले आणि उभा जन्म लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या कारखान्यात काढला. तिथल्या धडधडाटाने त्यांचा उजवा कान पार गेला होता, डावा जेमतेम चालत होता. पण नजर अशी की सुताच्या हजारो तारांतली एक तुटली तरी त्यांना चालत्या मशीनवर दिसे. "तार तुटनी का ती सांगत नही. कापड सांगस, पन तवपावत ताका बाद व्हयी जास," हे त्यांचं आवडतं वाक्य. घरी बसायची वेळ आली तेव्हा बघायला तारा उरल्या नाहीत, मग ती नजर त्यांनी मोबाईलवर लावली. बँकेचा मेसेज, लॉटरीचा मेसेज, वीज कापण्याचा मेसेज, सगळे ते चष्मा कपाळावर चढवून वाचत आणि त्यात तुटलेली तार शोधत. बहुतेक वेळा ती सापडतही असे.

घरात डोळा असलेली एकही वस्तू त्यांनी उघडी ठेवली नाही. मुलाने मोठ्या हौसेने नवा टीव्ही आणला. त्याला वरच्या बाजूला बारीक कॅमेरा आहे हे कळल्याबरोबर मावसांनी मावशीच्या पाकिटातली टिकली काढून त्यावर चिकटवली. मग फोनच्या पुढच्या डोळ्यावर एक, मागच्या डोळ्यांवर तीन. मी एकदा कामासाठी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेलो, तर चहा पिऊन होईपर्यंत माझ्या लॅपटॉपला सौभाग्य प्राप्त झालं होतं. मावशी वैतागायची. पाकीट आणावं आणि आठवड्यात संपावं, तेही कपाळाला दोनच लावून. "आपला घरमा देखाजोगं काय शे?" ती म्हणायची. त्यावर मावसा शांतपणे म्हणत, "काहीच नही, म्हनीसन त झाकस. आपला घरमा काही नही, हाई लोकेसले कसाले कळाले पाह्यजे?"

महत्त्वाचं बोलणं निघालं की घरातले सगळे फोन गोळा होऊन कळण्याच्या पिठाच्या डब्यात जात. फोन कान देऊन ऐकतो आणि मग तशाच जाहिराती दाखवतो, हे त्यांनी स्वतः पडताळून पाहिलं होतं. गुडघ्याच्या तेलाबद्दल फोनसमोर बोलले आणि दोन दिवस फोन त्यांना गुडघेच दाखवत राहिला. माझ्या बहिणीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती तेव्हाही फोन असेच पिठात होते. नेमका पाहुण्यांचा फोन आला. मावशीने डब्यात हात घालून तो काढला, कानाला लावला, आणि अर्धा गाल पांढरा करून "हो हो, आम्हाले पसंत शे" म्हणाली. गंमत अशी की मावसांना स्वतःचा आवाज धड ऐकू येत नसे, त्यामुळे पिठाच्या डब्याशेजारी बसून ते जी गुपितं सांगत ती तीन घरं पलीकडे पोचत. फोनला मात्र काही कळलं नसावं.

गल्ली हसायची. मीही हसायचो, कारण हसणं सोपं असतं. मग एकदा कडोदऱ्याच्या एका नातलगाकडून सगळ्यांच्या फोनवर लग्नाची पत्रिका आली. उघडायला सांगणारी, सुंदर गणपतीची. मावसांनी ती उघडली नाही. "पत्रिकाले हळद-कुंकू लागेल ऱ्हास. हाईले काय लागेल शे?" असं म्हणून ते रिक्षा करून थेट कडोदऱ्याला गेले, लग्न कोणाचं ते विचारायला. लग्न कोणाचंच नव्हतं. त्या नातलगाचा फोन कुणीतरी दुरूनच ताब्यात घेतला होता आणि त्याच्या नावाने ते जाळं टाकलं होतं. मावसा तिथे जेवूनच परत आले, तोवर आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी पत्रिका उघडून स्वतःच्या फोनची वाट लावून घेतली होती. ते फोन माझ्याच दुकानात आले. मावसा स्टुलावर बसून होते, पण एका अक्षराने कोणाला टोचून बोलले नाहीत. माणूस म्हणून ते असे होते.

त्याच सुमाराला त्यांनी कुठेतरी ऐकलं की चोर आता माणसाचा आवाजही हुबेहूब करतात. मुलाच्या आवाजात बापाला फोन करतात, "मी अडकलोय" म्हणून रडतात. हे ऐकल्यावर मावसांनी दोन दिवस कोणाचाच फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला, मुलाला आणि मावशीला समोर बसवलं, फोन पिठात घातले, आणि घरचा शब्द ठरवला. इथून पुढे घरच्या कोणाचाही फोन आला की आधी शब्द विचारायचा. येत नसेल तर तो आपला नाही, आवाज कितीही आपला असो.

शब्द कुठला, तर त्यांचं जन्माचं नाव. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईने यांचं नाव असं ठेवलं होतं की मरणालाही किळस यावी आणि त्याने दारातून परत फिरावं. पुढे शाळेत मास्तरांनी चांगलं नाव लावलं आणि तेच सगळ्या कागदांवर चढलं. जुनं नाव गावातल्या म्हाताऱ्यांबरोबर गेलं. कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये ते नाही, म्हणून त्याच्यासारखा शब्द नाही. योजना बिनतोड होती. अडचण एकच निघाली. मावशी नवऱ्याचं नाव घेत नसे. कागदावरचं नाव तिने लग्नात एकदा उखाण्यात घेतलं तेवढंच. "माले त्यासनं नाव लेता येत नही," असं म्हणून तिने पदर तोंडाला लावला.

मावसांनी त्यावरही तोड काढली. ते मला म्हणाले, "चोर काही ना काही बोलीच. शब्द ईचारा आनि जी काहीच बोलनी नही, ती तुन्ही मावशी." तेव्हापासून मावशी माहेरी गेली की रोज फोन येई. मावसा ओरडून शब्द विचारत. पलीकडे शांतता. मग मावसा हसत आणि म्हणत, "बोल." नवरा-बायकोत याहून गोड बोलणं मी तरी ऐकलेलं नाही.

मुलगा पुढे नोकरीसाठी कामरेजला राहायला गेला. आईबापांची काळजी म्हणून त्याने घरात एक आणि दाराबाहेर एक असा कॅमेरा बसवला. आतल्याला लगेच टिकली लागली. बाहेरच्याला मावसांनी परवानगी दिली, पण त्याचा पासवर्ड एक-दोन-तीन-चार आहे हे कळल्यावर मुलाला कामरेजहून परत बोलावून बदलायला लावला. त्या कॅमेऱ्यातून बोलताही येई. एका सकाळी दाराच्या वरून मुलाचा आवाज आला, "आप्पा, गोळी घेतली का?" मावसांनी मान वर करून विचारलं, "शब्द?" मुलगा म्हणाला, "आप्पा, इथे कसा सांगू? सगळी गल्ली ऐकते आहे." मावसांची छाती फुगली. "पास व्हयना," त्यांनी मला सांगितलं. घरचा शब्द गल्लीत उच्चारायचा नाही, हेच त्यांना हवं होतं.

यानंतर मावसा शब्द जास्त वेळा विचारू लागले. आधी फोनवर विचारत, मग दारात विचारू लागले. मी दुकान बंद करून गेलो की विचारत, पाणी पिऊन परत बाहेर आलो की पुन्हा विचारत. आम्ही हसून सांगायचो. दुसरा कुणी म्हातारा असं करू लागला असता तर आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. मावसांच्या बाबतीत आम्हाला वाटलं, सावधपणा वाढला. मी तर गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचो. त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती आणि ते जीव मुठीत धरून तो एक शब्द धरून बसले होते, हे दिवसभर लोकांच्या फोनमधले बिघाड शोधणाऱ्या मला दिसलं नाही. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, बराच उशीर झालाय. त्याची बोचणी मला अजून आहे.

एका दुपारी मावशी भाजी आणायला गेली आणि मावसांनी आतून कडी लावली. ती परत आली तर दार उघडेनात. तिने मला बोलावलं. मी आधी फोन लावला. आत पिठाच्या डब्यात तो बारीक वाजत राहिला. गॅसवर दूध होतं. ते उतू जाऊन जळल्याचा वास खिडकीतून येत होता. खिडकी बोटभर उघडी होती आणि मावसा तिच्या आत येऊन उभे होते. मी तिथे तोंड नेऊन मावसांच्या डाव्या कानात शब्द सांगितला. ते म्हणाले, "तू भाचा शे, तुले येवावच. पन हाई बाई कोन शे? हाईले ईचार." मी म्हटलं, "मावशी आहे. आधी गॅस बंद करा." त्यांनी मान हलवली. आत जायला ते तयार नव्हते, खिडकीत पहारा देत उभे होते.

मावशी पुढे झाली. आजवर पुरलं होतं तेच तिने केलं. त्यांच्या डोळ्यांत बघत गप्प उभी राहिली. मावसांनी वाट पाहिली. मी पाहत होतो, ती शांतता ते ओळखतील असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. पण ते म्हणाले, "शब्द येत नही हाईले. चोर शे," आणि खिडकी लावून घेतली.

एव्हाना गल्ली गोळा झाली होती. आत जळकं दूध, पेटता गॅस आणि काही न समजणारा माणूस. कोणी म्हणालं, दार फोडा. मावशीने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. भाजीची पिशवी खाली ठेवली, डोक्यावरून पदर घेतला, दाराला कपाळ टेकलं आणि नवऱ्याचं नाव घेतलं. बहिऱ्या माणसाला बंद दारातून ऐकू जावं इतक्या मोठ्याने. एकदा, दोनदा, तीनदा. असं ओंगळ नाव इतक्या मायेने घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. गल्लीतलं कोणी हसलं नाही. बायकांनी खाली बघितलं.

कडी निघाली. मावसा दारात उभे राहून म्हणाले, "अव्वं, कव्हयनी उभी शे तू? देख बरं, दूध उतू गयं." मावशीने आधी गॅस बंद केला आणि मग तिथेच ओट्याला धरून खाली बसली.

त्या दिवसानंतर ती रोज शब्द सांगायची. जेवण देताना, गोळी देताना, उशी सारखी करताना. ती सांगायची, तेव्हाच ते तोंड उघडायचे. काही महिन्यांनी मरण आलं, आणि या खेपेला त्या नावाचं काही चाललं नाही. गल्लीतल्या प्रत्येकाने ते नाव ऐकलं होतं, पण आजवर एकाच्याही तोंडून ते पुन्हा निघालेलं नाही. मलाही ते ठाऊक आहे, पण इथे लिहिणार नाही. मावसांनी बजावलं होतं.

सगळे विधी झाल्यावर मुलाने संकोचत त्याचा फोन पुढे केला. दाराबाहेरच्या कॅमेऱ्याने त्या दुपारचं सगळं टिपून ठेवलं होतं. मावशीने घेतलेलं नाव होतं, कडी निघाल्याचा आवाज होता आणि त्यांचं ते "कव्हयनी उभी शे तू" होतं. फोन पिठात घालणाऱ्या माणसाचा दुसरा आवाज आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. मावशीने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "पुसी टाक."

"आई, यात आप्पांचा आवाज आहे."

"त्यासना शब्द बी शे त्यामा. मशीनमा ऱ्हावाले नको."

मुलाने माझ्याकडे बघितलं. त्याने ते पुसलं, मी त्याच्याकडून फोन घेऊन ते आणखी कुठे साठलंय का ते तपासलं आणि तिथूनही पुसलं. मावशीने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग ती उठली आणि टीव्हीकडे गेली. तिथली जुनी टिकली वाळून निम्मी सुटली होती. मावशीने फडताळातून पाकीट काढलं, त्यातली एक टिकली सोडवली आणि नीट मध्यावर, दाबून लावली. पाकिटात अजून बऱ्याच होत्या. त्या आता एवढ्याच कामाला उरल्या होत्या.