खंडेनवमीचा कीबोर्ड

कीबोर्डची पूजा केली यात शेवंताबाईंचा काडीचा दोष नव्हता. ब्याण्णवची खंडेनवमी. अमळनेरच्या आमच्या तेल गिरणीत घाण्यापासून माझ्या गोदामातल्या काट्यापर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू लागलं. मग ऑफिसातल्या युनिक्सवाल्या कॉम्प्युटरनं काय घोडं मारलं होतं? बाईंनी नारळ फोडून पाणी शिंपडलं. जरा हात सैल सोडूनच शिंपडलं.

दसऱ्यानंतर बघतात तर इंग्रजी ए-चं बटण मेलेलं.

बाई म्हणजे वारलेल्या अभिमन फिटरची बायको. नवऱ्याच्या जागी, पण ऑफिसात टायपिंगला, सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेल्या. मॅनेजर म्हणाले, "नवा कीबोर्ड यायला महिना लागेल. सोमवारी मशीनमधली कामगारांची यादी नव्या नावांसकट छापून मिळाली नाही, तर पोती शिवायला जा. आणि त्यातून अभिमनचं नाव काढा म्हणून किती वेळा सांगायचं?"

पोत्यांच्या धुळीनं बाईंचा दमा उसळायचा. मला असा संताप आला! पण गेलो आपला काट्यावर पोती तोलायला.

बाईंनी मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक काढलं. कुठल्या बटणानं कुठलं अक्षर उमटावं हे एका फाइलीत लिहिलेलं असतं, ते बदलता येतं. एक आकड्याच्या डावीकडचं बटण कुणी कधी दाबत नसे. त्यालाच ए करायचं. पण तसं लिहायलाच ए लागत होता. घ्या आता! किल्ली आत आणि आपण बाहेर.

शनिवारी दुपारी बाई एकदम हसल्या.

"जमलं?" मी विचारलं.

"जमनं, नाना. मी यादीमाईन एक ए उचला, नि फाइलमा लागना तठे तोच चिटकाडा."

"कुणाच्या नावातला?"

बाई पडद्याकडेच बघत होत्या. "त्यास्ना."

सोमवारी यादी वेळेवर गेली. मॅनेजर कडाडले, "अभिमन अजून आहेच यात!"

"साहेब, त्या नावावरच मशीन चालू झालंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "काढलं तर बंद पडेल."

काही बंद पडणार नव्हतं. बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. मॅनेजरांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी फळ्यावर खडूनं लिहिलं: यादीतल्या अभिमन पाटील यांना कुणीही हात लावू नये.

मी गोदामात पोत्यांमागे जाऊन पोटभर रडलो. अभिमन माझा जिवाचा दोस्त होता, आणि त्याच्या बायकोसाठी मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.