पिचरच्या कोपराबद्दल आईचं मत

आमच्या बेसबॉल टीमचं नाव लिहीत नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये तीन टीमचे चाहते राहतात, तिन्ही टोप्या एकाच किराणा दुकानाच्या रांगेत दिसतात, आणि तिन्ही मालकांबद्दल माझं मत एकच आहे. यांना जिंकायचं नसतं, तिकिटं विकायची असतात. त्यासाठी जिंकण्याची आशा पुरते, आणि आशा स्वस्तात पडते.

त्या उन्हाळ्यातली टीम म्हणजे नमुना होता. वर्षानुवर्षं आमच्यासाठी धावलेला लेफ्ट फील्डर त्यांनी देऊन टाकला आणि बदल्यात खालच्या लीगमधली दोन पोरं आणली. याला ते भविष्याची उभारणी म्हणत होते. कॅचरचा गुडघा गेलेला होता, त्याला जिना उतरताना बघून कुणीही सांगितलं असतं, तरी त्याला रोज बॅटरच्या मागे उकिडवं बसवत होते. फर्स्ट बेसमन दिसायला चांगला होता, बाकी काही नाही. आणि बुलपेन, म्हणजे सामना हातात असताना शेवटी येऊन बॉल टाकणारे पिचर, ते रोज संध्याकाळी नेमाने सामना घालवत होते.

ही सगळी मतं मुळात आईची. आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा मी पाचवीत होते. आई तिकडे डॉक्टर होती, इथे तिला सगळ्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागल्या. ती जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरायची आणि समोर टीव्हीचा आवाज बंद करून बेसबॉल लावायची. मान खाली घातली तरी यात काही चुकत नाही, म्हणायची. हळूहळू ती मान वर ठेवूनच बसायला लागली, आणि मग टीव्हीशी बोलायला लागली.

"अरे काढ त्याला. काढ. कोपर बघ त्याचं, खाली यायला लागलंय."

पिचरने दोन-तीन बॅटरचा मार खाल्ल्यावर मॅनेजर त्याला काढायचा. आई म्हणायची, "आता काढून काय उपयोग, मेल्या." बाबा आतल्या खोलीत लॅपटॉपवर क्रिकेट बघत असायचे. तिथून ओरडायचे, "काय झालं तुमच्या विटी-दांडूचं?"

आई आता रेडिऑलॉजिस्ट आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या सांध्यांचे एमआरआय वाचते. तिच्या हॉस्पिटलात खेळाडूही येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. कोण येतात ते तिने कधी सांगितलं नाही. कॉलेजात असताना मी एकदा खोदून विचारलं होतं. ती म्हणाली, "माणसं येतात. गुडघे घेऊन येतात." इथे पेशंटबद्दल एक शब्द बाहेर गेला तर लायसन्स जाऊ शकतं. ते लायसन्स तिने दोनदा कमावलेलं आहे.

माझा व्यवसाय पत्रकांचा. मध्य न्यू जर्सीत मैलोन्‌मैल गोदामं आहेत. तिथल्या कामगारांच्या संघटनेसाठी मी पत्रकं लिहिते आणि शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहून वाटते. एक पान, एक मागणी, हेडलाइन चालता चालता वाचता आली पाहिजे. पाठ गेलेल्या माणसाला कंपनीचा डॉक्टर गोळी देतो, 'फिट' म्हणून लिहितो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोकी उचलायला लावतो. कंपनी म्हणते, हे लोक दुखण्याचं नाटक करतात. माझी निम्मी पत्रकं या एका वाक्याच्या विरोधात आहेत. सुरुवातीला लिहिताना रागाने एकेक वाक्य चारदा खोडायचे. त्या उन्हाळ्यापर्यंत खोडणं थांबलं होतं. नवा माणूस, नवी पाठ, तेच पत्रक. वाक्यं आपोआप यायची.

बेसबॉलचं पत्रक हा त्यावरचा उतारा होता. ते मी आणि माझा एक मित्र काढायचो. मित्र नागपूरचा, व्हिसावर आलेला, सॉफ्टवेअरमध्ये. बेसबॉल त्याला आईने आणि मी आमच्या सोफ्यावर शिकवला. गोदामाच्या गेटवर तो कधी आला नाही. "मला तिथे कुणी फोटोत पकडलं ना, तर डायरेक्ट विमानतळ," म्हणायचा. पण स्टेडियमच्या बाहेर टीमला शिव्या देणारा कागद वाटायला कुणाची बंदी नव्हती. तो मांडणी करायचा, मी लिहायचे, आणि घरच्या सामन्याच्या आधी आम्ही वाटायचो. ट्रेडवर, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीवर मत, संघात कोण आहे त्यावर मत, कुणाची दुखापत खरी, कुणाची सोयीची. लोक थांबून मागून न्यायचे. मित्राचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असायचा. या देशात त्याने मोठ्याने बोलून दाखवलेली ही एकच गोष्ट होती.

जुलैत आमचा डावखुरा पिचर इंज्युअर्ड लिस्टवर, म्हणजे जखमींच्या यादीत गेला. टीममधला सगळ्यात महागडा माणूस. क्लब म्हणाला, कोपराखालच्या हातात थोडा ताठरपणा आहे, लवकरच येईल. तो आठवड्यामागून आठवडे आला नाही. मैदानाकडेच्या डगआउटमध्ये, बाकावर च्युइंगगम चघळत बसलेला दिसायचा. महिनाअखेरीस ट्रेडची मुदत संपणार होती, आणि गावभर चर्चा अशी, की याला इथे खेळायचंच नाही, दुसऱ्या टीमने मागावं म्हणून बसलाय. मला ते पटलं. त्याच आठवड्यात मी त्याच्या महालासारख्या घराचे फोटो पाहिले होते. मी हेडलाइन लिहिली: दुखणं खोटं, पगार खरा. इंग्रजीतही तेवढीच लहान बसली. मी खूश होते.

शनिवारी सकाळी आई पोहे करत होती. प्रत्येक पत्रक मी तिला वाचून दाखवायचे, बेसबॉलचं तर हमखास, कारण त्यातली निम्मी मतं तिचीच असायची आणि ती चोरीची म्हणून ओळखायला तिला आवडायचं. मी ओट्याला टेकून वाचलं. कॅचरच्या गुडघ्यावर ती म्हणाली, "अगदी." लेफ्ट फील्डरवर म्हणाली, "अजून कडक लिही. मालकांना मूर्ख म्हण." मग मी डावखुऱ्याचा भाग वाचला. हेडलाइन वाचली.

आईने गॅस बारीक केला. झाकण ठेवलं. मग म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही."

"कशातलं?"

"त्याचं. पिचरचं." तिने कोथिंबीर चिरायला घेतली. "दही हवंय का तुला?"

ती एवढंच बोलली. त्यानंतर आजपर्यंत त्या माणसाबद्दल तिने मला एक अक्षर सांगितलेलं नाही, म्हणून हे लिहायलाही मला अडचण वाटत नाही. तिने काही फोडलं नाही. पण जी बाई टीव्हीवर एखाद्याचं कोपर इंचभर खाली आलं तर जेवण सोडून उठायची, तिला पिचरमधलं काही कळत नाही? बाबांनीही पेपरातून मान वर करून बघितलं. मला त्याच क्षणी कळलं, की त्या कोपराचा एमआरआय आईने वाचलेला आहे, आणि तो चांगला नाही. चांगला असता तर तिने मला थांबवलं नसतं.

राग यायला हवा होता. क्लबचा, स्वतःचा, कुणाचा तरी. मी पोहे खाल्ले. चांगले झाले होते.

दुपारी ओक ट्री रोडवरच्या देशी हॉटेलात मित्र आणि मी डोसा खायला बसलो. त्याने मांडणी करून आणली होती, हेडलाइन अर्ध्या पानाएवढी.

"हेडलाइन बदलायची," मी म्हटलं.

"का?"

"पटत नाही."

"अगं तुझीच आहे."

"म्हणूनच सांगतेय. गोदामाच्या गेटवर आपण याच्या बरोबर उलटं बोलतो. दुखणाऱ्या माणसाला खोटं ठरवायचं नाही."

"आपण नाही, तू बोलतेस," तो म्हणाला. "आणि हा काय खोकी उचलतो का? त्याच्या कुत्र्याला स्विमिंग पूल आहे, यार."

"कोपराला पगार कळत नाही."

"भारी आहे. पण हेडलाइन नाही." त्याने सांबारात वडा बुडवला. "नाटक करून राहिलाय तो, सगळ्यांना माहीत आहे."

"पुरावा?"

"काल नव्हता लागला तुला पुरावा."

त्याचं बरोबर होतं. मी पाणी प्यायले. त्याने चमचा खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "तुला काही माहितीय का?"

"मला काय माहीत असणार?"

"मग छापू दे ना."

एरवी कुणी माझ्यासमोर असं बोललं असतं तर मी हॉटेल डोक्यावर घेतलं असतं. मी वाद घालून जगते. पण माझ्याकडे वादाला एकच खरी गोष्ट होती, आणि ती माझी नव्हती. त्याला सांगितलं असतं तर त्याने शपथ घेऊन गप्प बसतो म्हटलं असतं, आणि सोमवारी ऑफिसात लंचला एकालाच सांगितलं असतं. वाईट माणूस नाही तो. बेसबॉलचा आनंद पोटात ठेवता येत नाही त्याला.

"मग माझ्याशिवाय काढ," मी म्हटलं. "मी नाही यात."

त्याने मांडणीचा कागद बॅगेत ठेवला. "कायम?"

"या वेळी तरी."

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि माझं बिलही त्यानेच दिलं, जे त्याने एरवी कधी केलं नसतं.

रविवारी दुपारचा सामना होता. तिकिटं आधीची काढलेली होती, आई आणि मी दरवर्षी जातो. शनिवारी संध्याकाळी क्लबने जाहीर केलं होतं, की डावखुरा परत येतोय, रविवारी तोच सुरुवात करणार. ट्रेडची मुदत संपायला थोडेच दिवस होते. दुसऱ्या टीमचे लोक बघायला येणार, माल चालू स्थितीत आहे हे दाखवायचं. गेटवरच्या पत्रकात मी हे एका ओळीत लिहिलं असतं: कंपनीचा डॉक्टर म्हणाला, फिट.

मला वाटलं, आई येणार नाही. ती टोपी घालून गाडीत बसली.

स्टेडियमच्या बाहेर मित्र घामाघूम होऊन कागद वाटत होता. त्याने आईसमोर एक धरला. "काकू, घ्या. तुमच्या लेकीने सोडलं आम्हाला, पण हेडलाइन तिचीच आहे."

आईने तिथेच उभं राहून पूर्ण वाचलं. "अक्षर मोठं केलंस, बरं केलंस," ती त्याला म्हणाली. "मागच्या वेळी चष्मा काढावा लागला होता." मग घडी घालून पर्समध्ये ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

आमच्या जागा वरच्या मजल्यावर, उन्हात. हवा हलत नव्हती. खाली सगळीकडे लोक त्या कागदाने वारा घेत होते. दुखणं खोटं, दुखणं खोटं, इकडून तिकडे, आख्ख्या स्टँडभर. तो मैदानात आला तेव्हा हुर्यो सुरू झाली. आमच्या मागचा एक माणूस ओरडला, "झोप झाली का, महाराज?" लोक हसले.

पहिला बॉल त्याने टाकला. वेग बोर्डावर आला, आणि आमच्या बाजूचा एक पोरगा म्हणाला, यापेक्षा माझी आजी जोरात टाकते. मी आईकडे बघितलं. ती मैदानाकडे बघत नव्हती. शेंगा सोलत होती, एक एक, टरफलं पिशवीत परत टाकत. कोपर खाली आलं की नाही, हे तिने पाहिलं नाही. एव्हाना मला कोपर कुठे असायला हवं ते पाठ झालेलं होतं. ते खाली होतं.

चार बॉल बाहेर गेले, पहिल्या बॅटरला फुकट बेस मिळाला. दुसऱ्याला एक बॉल टाकला, तो कॅचरच्या डोक्यावरून गेला. पिचर तसाच थांबला. बॉल त्याच्याकडे परत आला, त्याने तो ग्लव्हमध्ये घेतला, ग्लव्ह छातीशी धरला आणि कुणाला खूण न करता चालायला लागला. डावा हात पोटाशी घट्ट. मॅनेजर धावत येईपर्यंत तो मैदानाबाहेर जायच्या रेषेपर्यंत पोचला होता. हुर्यो कुठे थांबली ते कळलं नाही. कागद मात्र हलत होते, उकाडा तसाच होता.

"चल, निघू या," आई म्हणाली. "ट्रॅफिक लागेल."

आम्ही आजपर्यंत एकही सामना अर्धवट सोडून आलो नव्हतो. मी उठले.

टर्नपाइक हायवेवर गाड्या नव्हत्याच. रेडिओवर दोघं निवेदक बोलत होते, की कोपराचं लिगामेंट तुटलं असेल तर हा सीझन गेला आणि पुढचाही, ऑपरेशनशिवाय इलाज नाही, आणि आता ट्रेड कसला. एक जण म्हणाला, बिचाऱ्यावर लोकांनी फार टीका केली. आईने चॅनल बदललं. कुठल्या तरी कपड्यांच्या सेलची जाहिरात लागली, ती तिने तशीच ठेवली.

माझा फोन वाजला. मित्राचा मेसेज होता. उरलेले कागद त्याने कचऱ्यात टाकले होते. खाली लिहिलं होतं: तुला माहीत होतं का?

हो लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न एकच होता, आणि त्याचं उत्तर माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होतं. दोन्ही हात स्टीअरिंगवर, वेग मर्यादेच्या आत.

"कोण आहे?" आई म्हणाली.

"तोच."

"काय म्हणतोय?"

"वाईट वाटलं म्हणतोय."

"वाटणारच," आई म्हणाली. "चांगला मुलगा आहे."

मी लिहिलं, नाही. पाठवून दिलं.

त्याचं उत्तर लगेच आलं. बरं झालं यार, त्याने लिहिलं होतं. मला क्षणभर वाटलं, तुला माहीत असून तू मला छापू दिलंस.

मी ते वाचलं आणि फोन मांडीवर पालथा ठेवला. आईने विचारलं, एसी वाढवू का. मी म्हटलं, नको, ठीक आहे.