पालकाचा रकाना

मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. अशा माणसानं दिवसभर खुर्चीत बसून लोकांच्या नोंदी भरण्याचे संगणकावरचे फॉर्म करावेत हा विनोदच आहे, पण अमरावतीत माझं पोट त्यावरच चालतं. दुकानांचे फॉर्म, दवाखान्यांचे फॉर्म, आणि दर वर्षी दिवाळीनंतर आमच्या समाजाच्या उपवर मुलामुलींची परिचय पुस्तिका. समाजाचं काम म्हणजे घरचं काम. त्यात चहा मिळतो आणि बोलणी मिळतात.

या पुस्तिकेच्या फॉर्मची गंमत अशी, की त्याला समाजाची कुटुंबयादी जोडलेली आहे. मुलीची नोंद करताना तिच्या घराचा क्रमांक टाकला की कुटुंबप्रमुखाचं नाव, गाव, मोबाईल सगळं आपोआप येऊन बसतं. आणि आलेलं कोणाला बदलता येत नाही. हे कुलूप आमच्या सचिवांच्या हट्टापायी घातलेलं. सचिव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. जो तो आपल्या मनानं काहीही भरतो, याचा त्यांना भयंकर राग. कुलूप लागल्यापासून पुस्तिका स्वच्छ निघायला लागली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचा अभिमान होता.

यंदा शेवटच्या दिवशी अकोल्याच्या छापखान्यातून फोनावर फोन येत होते. संध्याकाळच्या आत पानं हवी होती. मी समाजभवनाच्या खोलीत येरझाऱ्या घालत होतो, तेवढ्यात अकोटच्या एसटीनं आलेल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. त्या भावाच्या वावरात झेंडू-शेवंती लावायच्या आणि अकोटच्या बाजारात हार विकायच्या.

"दादा," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या, "पुस्तकातला नंबर बदला. नाई तं माह्या पोरीचं नावच काढून टाका."

मी नोंद उघडली. पालक: वडिलांचं नाव. गाव: धारणी. खाली त्यांचा मोबाईल. हे वडील मुलगी पाळण्यात असताना घर सोडून गेले होते आणि धारणीला त्यांनी दुसरा संसार थाटला होता. पण आमच्या यादीत मायलेकी अजून त्यांच्याच घरात राहत होत्या.

"मागच्या साली चांदूर रेल्वेच्या लोकायनं त्या नंबरवर फोन केला," बाई म्हणाल्या. "पोरगं चांगलं होतं. आन थो म्हने, तिचं जमलं. कुठं जमलं, कोनासंगं जमलं? मले एका लग्नात त्या पोराच्या मावशीनं सांगतलं, तवा त्या पोराचं लगन होऊन हातचं कंकनबी सुटलं होतं. पोरगी काई बोलली नाई, दादा. खाली मान घालून हार गुंफत बसली."

सचिव पलीकडच्या टेबलावरून म्हणाले, "बाई, पालक म्हणजे वडील. ते हयात असताना दुसऱ्याचं नाव कसं टाकायचं? फार तर मामाचा नंबर टाकू. मामकुळ आपण लिहितोच."

"भाऊ देवमानूस हाये माहा. पन पोरगी म्या वाढवली. लोकं फोन करतीन तं मले करतीन."

माझं डोकं सणकलं. "सर, तुम्हाला नियम पाळायचाय की पोरीचं लग्न व्हायला पाहिजे?" मी जरा मोठ्यानंच बोललो. सचिवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कर बाबा. पण बाकीच्या नोंदी बिघडल्या तर तू जाण," म्हणाले.

आणि बिघडल्याच. मी कुलूप काढलं, बाईंचा नंबर भरला आणि सहज धारणीची दुसरी नोंद पाहिली. तिथंही बाईंचाच नंबर! त्या माणसाच्या दुसऱ्या घरची मुलगीही यंदा पुस्तिकेत होती. फॉर्म नंबर नुसता दाखवत होता. नंबर मुळात यादीत होता, आणि मी सरळ यादीच बदलली होती.

बाईंनी पडद्यावर वाकून पाहिलं. मला वाटलं, खूश होतील. "नाई बाप्पा," त्या घाईघाईनं म्हणाल्या, "त्या पोरीचं तिच्या बापाकडंच असू द्या. तिनं काय केलं?"

मग यादी पूर्ववत केली आणि फॉर्मची रीत बदलली. घराचा क्रमांक टाकताच यादीतली माहिती नोंदीच्या स्वतःच्या रकान्यात उतरेल, आणि तिथं ती बदलता येईल. विहिरीतून पाणी घागरीत काढून घ्यावं, तसं. घागरीत काहीही मिसळा, विहिरीला धक्का नाही. पालकाच्या जागी आईचं नाव आलं, नात्यात 'वडील' जाऊन 'आई' आलं, गाव अकोट झालं. बाईंनी मला नोंद बंद करून पुन्हा उघडायला लावली.

"आता थो आपोआप वापस येनार नाई ना?"

"नाही," मी छातीठोकपणे सांगितलं. पानं काढली, पेनड्राइव्हवर घेतली आणि धावत जाऊन अकोल्याची एसटी पकडली.

मूर्तिजापूर सुटलं आणि माझ्या लक्षात आलं. फॉर्म मी सुधारला होता. पण छपाईची पानं फॉर्मवरून निघतच नव्हती. त्यांची वेगळी जुळणी होती, मीच कधीकाळी केलेली, आणि ती पालकाचं नाव, गाव, नंबर थेट कुटुंबयादीतून उचलत होती. लॅपटॉप उघडला तर बॅटरी संपलेली. मी उठलो, बसलो, खिडकी उघडली, लावली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काहून हो भाऊ, पोट दुखून राहिलं का?" मी हो म्हटलं. वेगळं काय सांगणार?

छापखान्यात पोचताच आधी ते पान उघडलं. धारणी. वडील. त्यांचा मोबाईल. बाई एवढ्यात अकोटला पोचल्या असतील, पोरीला सांगितलंही असेल. लॅपटॉपला वीज मिळताच छपाईची जुळणी बदलली, सगळी पानं नव्यानं काढली. छापखान्याचे मालक मागं उभे राहून कुरकुरत होते. पडद्यावर आता सगळं ठीक दिसत होतं, पण पडद्यावर माझा विश्वास उरला नव्हता. म्हटलं, हे एक पान कागदावर काढून द्या.

कागद हातात आला. छापलेल्या आकड्यांवर बोट ठेवून एकेक आकडा मी मोबाईलवर दाबला. पलीकडे घंटी वाजायला लागली. मशीनच्या खडखडाटात मी कान दाबून उभा होतो.

"हॅलो, कोन?"

आवाज ओळखीचा होता, पण त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्या तोंडून आपसूक तेच निघालं, जे स्थळाकडची माणसं आधी विचारतात.

"मुलीचे पालक बोलताय का?"

त्यांनी घसा साफ केला.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच बोलून राहिली. पोरीची माय. बोला ना."