तिसरी शीळ

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला ओढा होता आणि त्याच्या काठाने करंज, शिंदी आणि घाणेरीची दाट जाळी. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. उन्हाळा सरत आला होता, पाऊस पडला नव्हता. एका संध्याकाळी त्या जाळीतून शीळ ऐकू आली. दोन सुरांची, आधी वर जाणारी, मग खाली येणारी, माणसाने घालावी तशी. थोड्या वेळाने ओढ्याच्या पलीकडून तशीच शीळ आली. दुसऱ्या दिवशी उजाडताना पुन्हा, मावळताना पुन्हा.

त्या दिवसांत हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या. जिंतूरच्या बाजाराहून परतणारी माणसं रोज नवी बातमी आणत. निजामाच्या राज्याबाहेरच्या वऱ्हाडची हद्द आमच्यापासून एका दिवसाच्या गाडीवाटेवर होती. शेजारची काही गावं आधीच तिकडे गेली होती. टेहळणीची माणसं जाळीत बसलीत आणि एकमेकांना खुणा करायलीत, असा आमच्या गावाने शिळेचा अर्थ लावला आणि गाव सोडायची तयारी सुरू केली.

घरी माझी थोरली बहीण, आक्का, बाजेवर होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, पण रक्त फार गेलं. सुईण रोज बघून जायची आणि जाताना अप्पांना, माझ्या वडिलांना, बजावायची, "हिला गाडीत घालू नगा. रक्त पुन्हा सुरू झालं तर माझ्या हातात न्हाई." त्यामुळे जाळीत माणूस आहे की पाखरू, हे आमच्या घराला कळायलाच हवं होतं.

मी त्याच वर्षी बी.ए. झालो होतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिलाच. जिंतूरला मी उर्दूतून शिकलो आणि तिथल्या एका मास्तरांनी मला स्वतःच्या घरी जेवू घातलं, म्हणून पुढे हैदराबादला जाऊ शकलो. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. ते म्हणत, ऐकीव गोष्टीवर मत देऊ नये, आपण जाऊन बघावं.

मी आधी ओसरीवर बसून नीट ऐकलं. दिवसा शीळ येत नसे. उजाडताना आणि मावळताना येई, आणि एकदाही तिचा सूर हलला नाही. माणूस कधी शीळ लांबवतो, कधी मध्येच तोडतो. ही तशी नव्हती. म्हाताऱ्यांना विचारलं. टिटवी, पावशा, तित्तर, सगळ्यांचे आवाज त्यांना ठाऊक होते. हा आवाज कोणी ओळखला नाही.

शेवटी एका संध्याकाळी मी ओढ्यावर गेलो. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. त्या दिवसांत कशाचंच नीट काही वाटत नव्हतं. जाळीतून शीळ आली तशी मीही तशीच शीळ घातली. माणूस असता तर गप्प बसला असता. जाळीतून लगेच शीळ आली, जशीच्या तशी. मी पुन्हा घातली. या वेळी उत्तर जवळून आलं, अगदी जमिनीलगतून, आणि बुडाशी पडलेली वाळकी पानं कोणी उड्या मारत गेल्यासारखी हलली. पाखरू दिसलं नाही. पण ते पाखरू होतं.

चावडीसमोर आलो तर माणसं जमलेली.

"आता तिसरा बी आलाय," पाटील म्हणाले. "गावाच्या अंगानं."

"तिसरा मी होतो, पाटील. ते पाखरू हाय. मी शीळ घातली, त्यानं जवाब दिला."

"जवाब कोणत्या जबानीत दिला? त्यानं बी बी.ए. केलंय का?" मागून कोणीतरी म्हणालं. दोघे-तिघे हसले आणि हसत हसतच गाडीची चाकं बघायला उठले.

"कोणतं पाखरू? नाव सांग," पाटील म्हणाले.

"नाव ठाऊक न्हाई."

"बघितलंस?"

"पानं हलताना बघितली."

"तू खरंच सांगत असशील, लेका. पन हलत्या पानाच्या भरवशावर मी लेकीबाळी ठेवू का?"

नाव मला पुष्कळ वर्षांनी कळलं. जंगलखात्यातल्या एका माणसापुढे मी तीच शीळ घातली आणि तो म्हणाला, नवरंग. पावसाच्या आधी येतो, जाळीत जमिनीवर किडे टिपतो, सहसा दिसत नाही. कळलं, एवढंच. त्याने काही बदललं नाही.

सकाळी गाड्या जुंपल्या गेल्या. सुईण आमच्या दारात आली. तिचा मुलगा तिला मागे ठेवायला तयार नव्हता. अप्पा हातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले होते. पूजा आटोपून त्यांनी ते पुन्हा गळ्यात बांधलं.

"पाखरूच हाय नव्हं?" त्यांनी मग मला विचारलं.

"पाखरूच हाय, अप्पा."

"माझा इस्वास हाय. पन सुईण चालली. पोरीला काय झालं तर तू आन मी काय करनार? सुईणीच्या गाडीमागं आपली गाडी घे."

आम्ही गाडीत कडबा पसरला, वर गोधड्या घातल्या, आक्काला निजवलं. आई तान्ह्या मुलीला घेऊन बसली. दुपारी वाटेत रक्त सुरू झालंच. बाकीच्या गाड्या थांबल्या नाहीत. सुईणीचा मुलगा चरफडला, पण थांबला. सुईणीने लिंबाखाली पडदा धरायला लावला. तिने काय केलं ते मला माहीत नाही. मी पाठ करून उभा होतो. बऱ्याच वेळाने ती हात धुवायला पाणी मागायला आली. आक्का वाचली, मुलगीही वाचली. त्यानंतर आक्काला मूल झालं नाही.

आम्ही पुन्हा निघालो तेव्हा सुईणीचा मुलगा पुढून ओरडत होता, "जोरात हाक की, मागून येतील."

"भाऊ," आक्का गोधडीतून म्हणाली, "तू स्वतः जाऊन ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग मागून कोन येनार? हळू हाक."

मी कासरा ओढला. बैलांची चाल मंदावली. पुढची सुईणीची गाडी लांब गेली, आणि मग आमच्यासाठी थोडी थांबली.