ब्रेकचा लाल दिवा

माझी गाडी माझ्या लग्नाआधीची. बायको तिला थोरली सवत म्हणते. या सवतीच्या डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा पेटला तो नेमका सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या सकाळी. बाराच्या आत वैभववाडीला पोचून त्यांना ओवाळायचं होतं. बायकोने दिवा पाहिला आणि जाहीर केलं, की तो जाईपर्यंत ती गाडीत बसणार नाही. वेळ पडली तर एकटी एसटीने जाईल. सासरवाडीच्या दारात ती एसटीने आणि मी गाडीने, हे मला परवडणारं नव्हतं.

मला गाडीतलं कळतं, असा माझा तीस वर्षांचा गैरसमज आहे. ब्रेक ऑइल कमी झालं असणार म्हणून बॉनेट उघडलं. डबी भरलेलीच होती. तरी ओतलं. ते मडगार्डवर सांडलं. ब्रेक ऑइल रंग खातं हे मला ठाऊक होतं. पुसायचं मात्र चहानंतर सुचलं. तोवर मडगार्ड सोलवटलं. दिवा तसाच. शेवटी मी त्याचा बल्बच काढला आणि बायकोला हाक मारली.

तिने आधी डॅशबोर्ड पाहिला, मग माझी मिटलेली मूठ.

"दिवो आपणहून गेलो, की तुमी काढल्यात?"

बल्ब परत बसवून मी मेकॅनिकला बोलावलं. बॉनेटकडे न बघताच तो म्हणाला, "काका, हँडब्रेक बघलंस?"

आता आमच्या किनाऱ्यावर हँडब्रेक कोण बघतो? खाऱ्या हवेत केबल गंजते, ओढलेला ब्रेक सुटत नाही, म्हणून आम्ही चाकामागे जांभ्या दगडाचा चिरा लावतो. दांडा नुसता शोभेला. पण आदल्या दिवशी पुण्याच्या आमच्या जावयाने गाडी धुऊन लावली होती, आणि माणूस शिस्तीचा. त्याने ब्रेक ओढला होता. सोडलाही होता, पण दांडा दोन दाते वरच अडकलेला. ऑइल संपो की ब्रेक ओढा, दिवा एकच.

मेकॅनिकने गाडीखाली शिरून केबल सोडवली, एक फेरी मारून ब्रेक दाबून पाहिले. दिवा गेला. बायकोने खात्री त्याच्याकडूनच करून घेतली आणि मागचं दार उघडलं.

"फुडे बसलंय तर दिवो दिसतलो," ती म्हणाली. "आणि तुमचा तोंडय."

पुढची सीट रिकामी ठेवून मी बाराच्या आत सासरवाडीला पोचलो. सासऱ्यांनी लेकीला हाताला धरून आत नेलं, आणि मला गाडी सावलीत लावायला सांगितलं.