फुंकणीकाकांचा ऑर्गन

फुंकणीकाका नव्या माणसाला नाव विचारत नसत. हातात एक पाइप देत आणि म्हणत, 'फुंक.'

हे नाव मी मनातल्या मनात ठेवलेलं. समोर नुसतं 'काका'. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या लहान गावात पूर्वी सिनेमाचं थिएटर होतं आणि त्यात मूकपटांना संगीताची आणि आवाजांची साथ देणारा, पाइपांचा एक भलामोठा ऑर्गन. थिएटर पाडलं तेव्हा काकांनी त्याचे पाइप, पेट्या, ढोल, सगळं आपल्या गॅरेजमध्ये आणून ठेवलं. बऱ्याच वर्षांनी तो पुन्हा उभारायला चर्चने जागा दिली. प्रत्येक पाइप बसवण्याआधी ते तोंडाने फुंकून बघत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला चुलीपुढची आईच आठवली.

चर्चची साफसफाई माझ्याकडे. मी नववीत शाळा सोडलेली, इंग्रजी तुटकं. तिथल्या लोकांशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. माझ्याही हातात काकांनी पाइप दिला. तो पहिल्याच फुंकरीला वाजला. 'झालं, लागलीस कामाला,' ते म्हणाले. तेव्हापासून झाडू ठेवला की मी कातड्याच्या चकत्या चिकटवायला बसायचे. प्रत्येक पाइपाखाली हवा अडवणारी एक चकती. ती नीट बसली नाही तर सूर थांबतच नाही. घरी कणीक मळतानाही मला तो न थांबणारा सूर ऐकू यायचा.

थिएटरचा ऑर्गन, म्हणून त्यात पाखरांची शीळ होती, घोड्यांच्या टापा होत्या, मोटारीचा हॉर्नसुद्धा. पास्टर म्हणाले, 'पक्षी चालतील. हॉर्न काढा.'

'का? देवाच्या वाटेत कोणी आडवं येत नाही?' असं म्हणत काकांनी हॉर्न काढला आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप परत जोडला.

पण शेवटी शेवटी फार घाई झाली. काकांचं घर विकलं गेलं होतं आणि सोमवारी मुलगी त्यांना कायमचं आपल्या घरी, दूर चँडलरला नेणार होती. रविवारी ऑर्गन वाजला नाही, तर ते तो कधीच ऐकणार नव्हते. त्यात शुक्रवारी आली खंडेनवमी. मी सवयीने त्यांच्या हत्यारांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि मग लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

'हे काय?'

'आज टूल्सची पूजा असते, काका. आज ती वापरत नाहीत. पण तुम्ही वापरा, सॉरी, मी पुसते.'

'राहू दे. नाही म्हणजे नाही.' ते बाकांभोवती फेऱ्या मारू लागले. जरा वेळाने थांबून म्हणाले, 'नख हे टूल आहे का?'

'नाही.'

'आणि कॉफीचा चमचा?'

'त्याला कुठे कुंकू लावलंय?'

त्या दिवशी त्यांनी नखांनी आणि चमच्याने काम रेटलं. मला हसूही येत होतं आणि नजर सारखी घड्याळाकडेही जात होती.

रविवारी ऑर्गन वाजला. जमिनीतून पायांत चढला. मग प्रार्थनेसाठी सगळे गप्प झाले, आणि एक सूर थांबेना. मी मागच्या दाराने आत, पाइपांच्या खोलीत पळाले, शिडी चढले, हाताने चाचपत थरथरणारा पाइप शोधला आणि उपसून काढला. सूर बंद. पुढचा सगळा कार्यक्रम मी तो पोटाशी धरून आतच उभी राहिले. भोवती बाकीचे पाइप गात होते, आणि माझ्या डोक्यात एवढंच, की काकांचा एकुलता एक रविवार माझ्या चकतीने नासवला. ते बाहेर घाबरेघुबरे होऊन धावत असतील.

नंतर त्यांच्यासमोर जायचा धीर झाला नाही. सोमवारी मात्र गेले. काका गाडीत बसले होते. सामान ठेवताना त्यांची मुलगी मला म्हणाली, 'काल तो आवाज अडकला ना, तेव्हा डॅड उठलेच होते. मला वाटलं, आता हे धावणार. तेवढ्यात त्यांना तुझी जागा रिकामी दिसली. म्हणाले, "काही नाही, ती गेली आहे आत." आणि बसले. मग डोळे मिटून सगळं ऐकलं.'